त्या आठ दिवसांपलीकडचं विचारा

राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये अंतराळात गेले, हे पिंपळगाव बसवंतच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलालाही पाठ असतं. हेच शर्मा पुढे पिंपळगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या ओझरला नोकरीला होते आणि निफाड तालुक्याच्या आकाशात मिग विमानं उडवत होते, हे मात्र त्या मुलाला कोणी सांगितलेलं नसतं. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाल्यावर १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक झाले. १९९२ पर्यंत ते इथे होते. नंतर बेंगळुरूला गेले आणि २००१ मध्ये त्यांनी उड्डाण थांबवलं. अंतराळात त्यांचे जेमतेम आठ दिवस गेले, आपल्या शेजारी मात्र काही वर्षं. त्यांना कधी भेटण्याचा योग आला, तर पिंपळगावकरानं काय बोलावं याचं उत्तर या हिशेबातच आहे.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. शर्मांनंतर ४१ वर्षांनी दुसरा भारतीय नागरिक पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेला. चंद्रयान-३ च्या यशामुळे २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आहे. गगनयानाची तयारी चालू आहे. यापुढे शाळा-महाविद्यालयांतून अंतराळवीरांना, चाचणी वैमानिकांना, इस्रोतल्या निवृत्त शास्त्रज्ञांना बोलावणी जातील, आणि ती जायलाच हवीत. युरी गागारिन १९६१ च्या अखेरीस मुंबईत आले, ऑक्टोबर १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स आले, तेव्हा लोकांनी त्यांना गर्दीतून, लांबून पाहिलं. आता अशा माणसाशी समोरासमोर बोलण्याची संधी तालुक्याच्या गावालाही मिळू शकते. ती मिळाल्यावर आपण तिचं काय करतो, हा चिंतेचा भाग आहे.

आपले कार्यक्रम कसे होतात ते आपण सगळेच जाणतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रत्येक सत्कारकर्त्याचं नाव, पद आणि छायाचित्र. पाहुण्याला फेटा बांधायचा, मोठा हार घालायचा, स्मृतिचिन्ह द्यायचं. मग अध्यक्ष बोलतात, संस्थेचे पदाधिकारी बोलतात, आणि ज्याला ऐकायला मुलं सकाळपासून मांडी घालून बसली आहेत तो माणूस माइकसमोर येतो तेव्हा दुपारच्या एसटीची वेळ झालेली असते. प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द होतात. हे करणाऱ्यांच्या मनात आदर असतो, यात शंका नाही. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या पाहुण्याला दोन तास खुर्चीत बसवून ठेवणं हा त्याचा सन्मान होत नाही, आणि मुलांवर तर तो सरळ अन्याय आहे. सत्कार एकच, एकाच्याच हातून आणि पाच मिनिटांत व्हावा. बाकीचा सगळा वेळ पाहुण्याचा आणि मुलांचा.

परिचय करून देणाऱ्यानं अभ्यास केलेला असावा. राकेश शर्मांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे की आया आपल्या लहान मुलांना त्यांची ओळख ‘हे काका चंद्रावर जाऊन आले’ अशी करून देतात. आईचं कौतुक समजण्यासारखं आहे. व्यासपीठावरून मात्र ही चूक होता कामा नये. शर्मा चंद्रावर गेले नाहीत. ३ एप्रिल १९८४ रोजी बैकोनूरहून सोयूझ टी-११ यानानं युरी मालिशेव आणि गेनादी स्त्रेकालोव यांच्याबरोबर ते निघाले आणि सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर पोचले. ११ एप्रिलला परतले. एकूण ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटं. स्थानकाची उंची तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पिंपळगाव ते मुंबई अंतराच्या दीडपट. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. हा फरक मुलांना सांगितला, तर शर्मांचं काम उणं होत नाही. उलट ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या वेगानं दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी मारणं म्हणजे काय, हे त्यांना नीट कळतं. खोट्या मोठेपणाची या माणसाला गरज नाही.

मग तो प्रश्न येतो, जो प्रत्येक सभेत येतोच. वरून भारत कसा दिसला? इंदिरा गांधींनी हा प्रश्न त्यांना थेट प्रक्षेपणात विचारला आणि त्यांनी इक्बालांच्या ओळीनं उत्तर दिलं, ते साऱ्या देशानं ऐकलं. तो क्षण सुंदर होता. तो चित्रफितीत जपलेला आहे, मुलांना आधी वर्गात दाखवावा. पण चाळीस वर्षांनंतर त्या गृहस्थांना पुन्हा तीच ओळ म्हणायला लावणं, ते व्यासपीठावर चढताना तेच गाणं लावणं, निवेदकानं तोच संवाद नाट्यमय आवाजात वाचून दाखवणं हे थांबलं पाहिजे. माणूस आयुष्यभर शिकला, लढला, विमानातून उडी मारून वाचला, आणि आपण त्याला एका वाक्यात कोंडून ठेवतो. त्याचं उत्तर आपल्याला माहीत असेल, तर तो प्रश्न विचारायचाच कशाला? देव दिसला का, हाही असाच प्रश्न. शर्मांना तो अनेकदा विचारला गेला आहे. खासगीत, विश्वासानं, स्वतःच्या मनातली शंका म्हणून कोणी विचारला तर गोष्ट वेगळी. भर सभेत टाळ्यांसाठी विचारू नये.

चांगला प्रश्न तयारीतून येतो. आठवडाभर आधी वर्गात प्रश्न लिहून घ्यावेत आणि ज्यांची उत्तरं पुस्तकात सापडतात ते शिक्षकांनी मुलांसमोरच बाजूला काढावेत. मग जे उरतील ते ऐकण्यासारखे असतील. नमुन्यादाखल सांगतो. शर्मा सोयूझ टी-११ नं गेले, पण परतले सोयूझ टी-१० नं, कारण नवं यान स्थानकावरच्या मुक्कामी दलासाठी मागे ठेवायचं होतं. किझिम, सोलोव्योव आणि आत्कोव हे तिघे तिथे दीर्घ मुक्कामाला होते. सोयूझमधली बैठक प्रत्येकाच्या पाठीच्या मापाचा साचा घेऊन बनवलेली असते, कारण जमिनीवर आदळताना पाठीचा कणा सांभाळायचा असतो. मग यान बदलताना तो साचा एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावा लागतो. हे वाचून आलेल्या मुलीनं विचारलं, की सर, तुमच्या बैठकीचा साचा हलवून बसवल्यावर तो नीट बसलाय याची खात्री तुम्ही कशी केली, तर त्या प्रश्नानं पाहुण्याचे डोळे चमकतील. समोरचा आपल्या कामात शिरू पाहतोय हे त्यांना त्या एका वाक्यात कळेल.

किंवा निवडीच्या वेळचं विचारावं. बंद जागेची भीती आहे का हे तपासण्यासाठी बेंगळुरूला त्यांना बहात्तर तास एका खोलीत एकटं ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मनात काय चाललं होतं? पुढे मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत सगळं प्रशिक्षण रशियनमधून. आधी भाषा शिकायची, मग यान. पस्तिशीच्या उंबऱ्यावर नवी भाषा शिकून तिच्यातून आणीबाणीच्या सूचना समजून घेणं हे सोपं नव्हे. इंग्रजी माध्यमात नुकताच गेलेला आणि वर्गात गप्प बसणारा आपला एखादा मुलगा याबद्दल विचारेल, तर त्याला मिळणारं उत्तर त्याच्या उपयोगी पडेल. भारहीनतेत शरीर कसं वागतं हे पाहण्यासाठी शर्मांनी तिथे योगासनं केली होती. शरीराला वजनच नसताना आसन म्हणजे काय उरतं, हे खेळाच्या शिक्षकांनी विचारावं.

आणि रवीश मल्होत्रांबद्दल जरूर विचारावं. १९८२ मध्ये दोघांची निवड झाली, दोघांनी बरोबरीनं प्रशिक्षण घेतलं, तितकाच घाम गाळला. एक गेला, दुसरा राखीव राहिला. परीक्षेत थोडक्यात मागे पडलेली, निवड यादीत प्रतीक्षेत राहिलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी मल्होत्रांची हकीकत शर्मांच्या तोंडून ऐकण्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. मोठ्या माणसाला त्याच्या साथीदाराबद्दल विचारणं हा त्यालाही दिलेला मान असतो.

पण आपला, म्हणजे पिंपळगाव-ओझर-निफाडचा खरा हक्काचा प्रश्न वेगळाच आहे. तो एचएएलच्या ओझरच्या कारखान्याचा आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असताना १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. इंजिनं कोरापुटची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं, आणि अख्खं विमान जोडून आकाशात जायचं ते ओझरहून. आजही इथले लोक पत्ता सांगताना ‘ओझर मिग’ म्हणतात. शर्मा आले तेव्हा इथे मिग-२७ ची बांधणी आणि मिग-२१ ची दुरुस्ती चालू होती. बांधलेलं किंवा दुरुस्त होऊन आलेलं विमान हवाई दलाच्या ताब्यात देण्याआधी कोणीतरी पहिल्यांदा वर न्यावं लागतं. वेग, उंची, इंजिनाचं वागणं, नियंत्रणाची प्रत्येक यंत्रणा कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहावी लागते. जे चुकलं असेल ते याच माणसाला हवेत कळतं. मिग-२१ धावपट्टीवर उतरतं तेच ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं. हे काम शर्मा अंतराळात जाऊन आल्यानंतर करत होते. ज्याचं नाव पाठ्यपुस्तकात आलं, छातीवर अशोकचक्र आणि ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब होता, त्यानं उरलेलं आयुष्य भाषणं देत काढलं असतं तरी कोणी बोल लावला नसता. तो माणूस ओझरच्या धावपट्टीवर परत कामाला लागला. नाशिकच्या त्या काळातच चाचणीदरम्यान ओझरजवळ मिग-२१ मधून त्यांना आसनासकट बाहेर पडून जीव वाचवावा लागला. अशा उडीत मणक्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार क्षणार्धात येतो. त्यातून वाचल्यावर ते पुन्हा विमानात बसले.

माझ्या मते राकेश शर्मांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती आपल्या शेजारी घडली. त्यांच्या भेटीत हे विचारलं नाही तर आपण या तालुक्याचे म्हणवून काय उपयोग? अंतराळातून आल्यावर परत रोजच्या कामावर कसे रुजू झालात? ओझरचा पहिला दिवस कसा होता? हँगरमधल्या कोणत्या फिटरवर, कोणत्या मेकॅनिकवर तुमचा डोळे मिटून विश्वास होता? विमान सोडायचं हे किती सेकंदांत ठरवलंत? हे प्रश्न दिल्ली-मुंबईचे वार्ताहर विचारत नाहीत. ते पिंपळगावनंच विचारायचे.

शेतकऱ्यांनीही मागे राहू नये. बाजार समितीत टोमॅटो आणि कांद्याचे लिलाव करणाऱ्या, द्राक्षबागेत अवकाळीच्या धास्तीनं रात्री जागणाऱ्या माणसाला अंतराळाशी काय देणंघेणं, असं कोणी म्हणू नये. सॅल्यूतवर शर्मांना नेमून दिलेल्या कामांत भारताच्या भूमीची छायाचित्रं घेणं हे मोठं काम होतं. दूरसंवेदनाची ती सुरुवातीची पावलं होती. चार वर्षांनी, मार्च १९८८ मध्ये, आपला पहिला नियमित वापराचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए त्याच बैकोनूरहून सुटला. आज पीकक्षेत्राचा अंदाज, दुष्काळाची पाहणी, पुराचे नकाशे यांमागे तेच तंत्र आहे. ते वर होते ते एप्रिलचे दिवस, म्हणजे इथे खरड छाटणीचे आणि उन्हाळ कांदा काढणीचे. त्या उन्हाळ्यात सह्याद्री वरून कसा दिसत होता, शेत आणि पडीक रान वेगळं ओळखता येत होतं का, धुरळ्यातून किती दिसतं, हे विचारण्याचा अधिकार बागाइतदाराइतका कोणालाच नाही. पृथ्वीची साधनसंपत्ती मर्यादित आहे आणि ती जपली पाहिजे, हे शर्मा अलीकडच्या वर्षांत सातत्यानं मांडत आले आहेत. पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेला जिल्हा हे विधान इतरांपेक्षा नीट समजू शकतो.

लहान मुलांना मात्र कोणतीही चाळणी लावू नका. वर शी-शू कशी करता, असं दुसरीतलं पोर विचारेल. हसू नका, त्याला खाली बसवू नका. हा अभियांत्रिकीचा अस्सल प्रश्न आहे. वजनच नाही म्हटल्यावर खाली काहीच पडत नाही, म्हणून हवेच्या झोतानं ओढून घ्यावं लागतं. अंतराळवीर अशा प्रश्नांना सरावलेले असतात आणि मनापासून उत्तर देतात. आपण मोठी माणसं फिदीफिदी हसतो म्हणून मूल ओशाळतं. तसंच इंग्रजीचं. मुलांना पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणायला लावू नये. हैदराबादला शिकलेल्या, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेल्या आणि ओझरला राहिलेल्या माणसाला हिंदीतून विचारलेला प्रश्न कळतो. मराठीत विचारला तर शिक्षकांनी शेजारी उभं राहून सांगावा. अडखळत का होईना, प्रश्न मुलाचा स्वतःचा असू द्यावा.

सेल्फीबद्दल थोडंच बोलतो. सगळ्यांचं मिळून एक छायाचित्र कार्यक्रमाआधीच काढून घ्यावं आणि फोन खिशात जावेत. खांद्यावर हात टाकू नये, वाट अडवू नये, ‘सर, फक्त एकच’ म्हणत जिन्यापर्यंत मागे जाऊ नये. सह्यांचंही तेच. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ च्या सुमारास सह्या देणं बंद केलं, कारण लोक त्या बाजारात विकू लागले होते. पुढे तर त्यांच्या न्हाव्यानं कापलेले केस हजारो डॉलरना विकले आणि त्यांना वकिलाचा आधार घ्यावा लागला. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा तो माणूस नंतर सिनसिनाटीच्या विद्यापीठात मुलांना अभियांत्रिकी शिकवत होता. त्याला शिकवायचं होतं, आणि लोकांना त्याची वस्तू हवी होती. हे आपल्याकडून घडू नये.

आणि अवचित भेट झाली तर? ओझरच्या विमानतळावर, महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलात, प्रवासात. तेव्हा नमस्कार करावा, आपलं नाव-गाव सांगावं, ‘सर, मी पिंपळगावचा, ओझरशेजारचा’ एवढं म्हणावं. पुढे बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्यावं. शर्मा निवृत्तीनंतर निलगिरीत कुन्नूरला शांतपणे राहणं पसंत करतात. प्रसिद्ध माणसालाही गरम चहा गरम असतानाच पिण्याचा हक्क आहे. त्यांनी ओझरची आठवण काढलीच, तर खुर्ची ओढून बसा आणि फक्त ऐका.

शेवटी एक सूचना, आणि ती पिंपळगाव, ओझर, निफाडमधल्या प्रत्येक मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी मनावर घ्यावी अशी कळकळीची विनंती. असा कार्यक्रम कधी ठरला, तर पहिल्या रांगेतल्या खुर्च्या पुढाऱ्यांसाठी राखू नका. एचएएलमधून निवृत्त झालेले फिटर, रिगर, इलेक्ट्रिशियन, तपासनीस आज ओझरला, नाशिकला, आपल्या गल्लीत राहतात. १९८७ ते १९९२ मध्ये जी विमानं चाचणीला वर गेली, ती त्यांच्या हातांखालून गेलेली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, आणि पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. ज्यांनी हा कारखाना साठ वर्षं चालवला त्यांना पाहुण्यासमोर बसवा, त्यांची ओळख करून द्या, आणि मुलांना त्या दोघांमधला संवाद ऐकू द्या. आणि शर्मांच्या येण्याची वाट पाहत थांबूही नका. ती माणसं गावातच आहेत, आणि त्यांचीही वयं झाली आहेत. येत्या २३ ऑगस्टला त्यांनाच शाळेत बोलवा.